साक्षर ठिपका

अर्जुनी मोरगावात खताच्या दुकानावरच्या माडीत भुपेंद्र सरांचा कारकून भरतीचा क्लास भरायचा, आणि त्या क्लासात डोकं घेऊन येणारी आपण एकटीच, बाकीचे नुसते दप्तर घेऊन येतात, असं टीना शहारेचं ठाम मत होतं. हे मत ती मनात ठेवत नसे. कोणी उत्तर चुकलं की ती अशी काही बघायची की चुकणाऱ्याला वाटावं, त्यापेक्षा सरांनी दोन छड्या मारल्या असत्या तर बरं.

भुपेंद्र सर स्वतः गणितात काठावर पास झालेले, असं गाव म्हणायचं. पण आकृत्यांच्या प्रश्नांत त्यांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं ते स्वतः म्हणायचे, आणि दुसऱ्याचं म्हणणं फलकावर छापता येत नसल्यामुळे फलकावर त्यांचंच छापलं होतं. आकृत्यांचे प्रश्न म्हणजे काय, तर चार चौकोन काढायचे, त्यांत बाण, त्रिकोण, ठिपके इकडून तिकडे सरकवायचे आणि पाचवा चौकोन कसा दिसेल ते उमेदवाराला विचारायचं. ज्या कारकुनाला उभा जन्म आवक-जावकचे शिक्के मारायचे आहेत, त्याला ठिपका कुठल्या कोपऱ्यात गेला हे कळून कोणाचं भलं होणार, ते प्रश्न काढणाऱ्यालाच माहीत. उमेदवार विचारत नाहीत. विचारणाऱ्याला नोकरी लागत नाही, एवढं त्यांना कळलेलं असतं.

सरांनी या प्रश्नांची सूत्रं केली होती आणि पोरंपोरी ती पाढ्यांसारखी एका सुरात म्हणायची. बाण उलटा, उत्तर पालटा. काळ्यानंतर पांढरं. आणि सरांचं सगळ्यांत लाडकं सूत्र, ठिपका एका घरात दोनदा बसत नाही. खाली खत घ्यायला आलेली माणसं वर मान करून ऐकायची आणि पोरं फार शिकून राहिली म्हणून कौतुक करायची. टीना एकदा उभी राहून म्हणाली होती, "सर, ठिपक्याले घरात बसू न देण्याचं कारण का?" सरांनी तिला प्रश्न विचारण्याआधी सूत्र पाठ करायला सांगितलं. तिला ते काढून टाकू शकत नव्हते, कारण दर चाचणीत तीच पहिली यायची आणि पुढच्या फलकावर फोटो लावायला कोणीतरी लागणारच होतं.

टीनाला आकृत्या दिसायच्या, बस. कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर किती भोकं कुठं दिसतील, पाण्यात शब्द कसा उलटा पडेल, फासा लोळला तर वर काय येईल, हे तिला बघताक्षणी कळायचं आणि इतरांना का कळत नाही, हे मात्र कधीच कळायचं नाही. घरचं म्हणावं तर आई सुमित्राबाईने सांगून टाकलं होतं की ही भरती शेवटची. या वेळी लागली नाही तर गोंदियाला बहिणीकडे जायचं आणि वीरेंद्र भाऊजींच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. तिथं दिवसभर दुसऱ्यांच्या भरतीच्या फॉर्मच्या झेरॉक्स काढायच्या. त्या मशीनच्या हिरव्या उजेडात आपण म्हातारे होणार, या विचाराने टीना रात्री उठून पुन्हा वही उघडायची. तिला ती कारकुनाची खुर्ची हवी होती, तोंडाने ती काहीही म्हणो.

तिच्या शेजारी बाकावर चंदा रामटेके बसायची. चंदा वयाने बरीच मोठी, सासर सोडून लेकराला घेऊन माहेरी राहिलेली, आणि वयाच्या अटीमुळे तिचीही ही शेवटचीच भरती. तिला आकृती उमजायची नाही. ती वही बाकावर गोलगोल फिरवायची, वही संपली की मान फिरवायची, आणि बोट कागदावर ठेवून ठिपक्याच्या मागे मागे न्यायची. टीना तिला म्हणायची, "ताई, ठिपका पळून नाई जाऊन राहिला. कायले एवढी धरतेस त्याले?" चंदा हसायची. ती टीनाच्या टोमण्यांना लाड समजायची, आणि हेच टीनाला तिच्यात सगळ्यांत जास्त खटकायचं.

परीक्षा गोंदियाच्या केंद्रावर झाली, कॉम्प्युटरवर. पडदा काही फिरवता येईना, म्हणून चंदाने एवढी मान वाकडी केली की देखरेखीला असलेल्या बाईने येऊन तब्येत बरी आहे का विचारलं. टीनाने दुरून पाहिलं आणि तिला तिथंच हसू फुटलं.

त्या पेपरात ठिपक्याचा एक प्रश्न आला. चौकोन एक, कोपरे चार. पहिल्या आकृतीत ठिपका वर डावीकडे. दुसरीत वर उजवीकडे. तिसरीत खाली डावीकडे. चौथीत खाली उजवीकडे. पाचवीत कुठं? टीनाने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलं. आधी ठिपका एक कोपरा सरकला, मग दोन, मग तीन. म्हणजे आता चार सरकणार, आणि चार कोपरे सरकला की जिथं होता तिथंच येणार. खाली उजवीकडे. क्लासातल्या बाकी सगळ्यांनी तो पर्याय वाचला आणि सरांचं सूत्र आठवलं. ठिपका एका घरात दोनदा बसत नाही. मग चारही घरं फिरून झालेला बिचारा ठिपका जाणार कुठं, तर पहिल्या घरी. सगळ्यांनी वर डावीकडचा पर्याय दाबला आणि सरांचं नाव घेत पुढच्या प्रश्नाकडे गेले.

कच्ची उत्तरतालिका लागली तेव्हा टीनाचं उत्तर बरोबर निघालं आणि अख्खा क्लास एका दमात चुकला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सगळ्यांनी आपापले गुण टाकले. टीना आणि चंदा एकाच प्रवर्गातल्या, त्या प्रवर्गात जिल्ह्यात महिलांची जागा एकच. जिल्हाभरातून आलेले गुण बघितले तर पहिली टीना होती आणि तिच्या मागे एका गुणाने चंदा. चंदा एवढी वर आली कशी, याचं टीनाला आश्चर्य वाटलं. बाकीचं सगळं तिने रट्टा मारून उचललं होतं म्हणे. तो एक गुण म्हणजे तो ठिपका. टीनाने आईला सांगितलं की लागल्यातच जमा समज. सुमित्राबाईने हातातलं सूप खाली ठेवलं नाही, पण त्या दिवशी भाजीत तेल जरा जास्त पडलं.

इकडे भुपेंद्र सरांची पंचाईत झाली. सूत्र चुकलं हे कबूल करावं तर माडीचं भाडं कशातून द्यायचं? आणि आपण चुकू शकतो हा विचार त्यांच्या डोक्यात शिरायला दारच नव्हतं. त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं की तालिका चुकली आहे, सगळ्यांनी आक्षेप घ्यायचा. आक्षेप घ्यायला कारण लिहावं लागतं. सरांनी कारण दिलं की असं कुठंही शिकवत नाहीत. हे कारण वाचून टीना अंगणातल्या बाजेवर पडून पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंदा तिच्या घरी आली. सुमित्राबाई ओसरीत लाखोळीची डाळ पाखडत होती, तिने चंदाला पाणी दिलं. चंदाने मोबाईल पुढे केला. तिचं म्हणणं असं की सरांचं कारण तिलाही बरोबर वाटत नाही, पण काय लिहावं ते सुचत नाही, आणि क्लासात लिहिता येणारी एकटी टीनाच आहे.

कोणी शहाणी असती तर म्हणाली असती, ताई, तुझ्या आक्षेपाने माझी जागा जाते, दुसरीकडे बघ. पण शहाणपणाचा आणि हुशारीचा संबंध असतोच असं नाही. टीनाला वाटलं, हे आक्षेप वर जातील ते कोणा तज्ज्ञांच्या समितीकडे. तिथं तरी शिकलेली, डोक्याची माणसं बसली असतील. त्यांना कळू दे आमच्याकडे काय माल भरला आहे. आपल्यासोबत हसणारं कोणीतरी जगात असावं, असं तिला फार दिवसांपासून वाटत होतं. तिने चंदाचा मोबाईल घेतला आणि सरकारी भाषेत, एकही चूक न करता, टाइप करून टाकलं.

"सदर आकृतीतील ठिपका हा साक्षर आहे. तो मराठी वाचणाऱ्या माणसाप्रमाणे वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे जातो, नंतर खालच्या ओळीत पुन्हा डावीकडून उजवीकडे जातो. पान वाचून संपल्यामुळे पाचव्या आकृतीत तो पुन्हा वर डावीकडे येतो. सबब वर डावीकडील पर्याय बरोबर धरण्यात यावा."

चंदाने ते ओठ हलवत वाचलं. मग बोटाने हवेत चार कोपरे फिरून पाहिले, आणि तिचा चेहरा उजळला. टीनाने हसू दाबायला पदरासारखी ओढणी तोंडात धरली.

"हे त एकदम बरोबर वाटून राहिलं वो," चंदा म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण टीना, हे मानलं त तुही जागा जाते ना?"

"जाऊ दे, ताई. तू पाठव," टीना म्हणाली.

चंदाने मोबाईल दोन्ही हातांनी घेतला. डोळे भरल्यासारखे दिसले, पण या बाईचे डोळे कशानेही भरायचे, म्हणून टीनाने लक्ष दिलं नाही. चंदा गेल्यावर तिने आईला सगळं हसत हसत सांगितलं. सुमित्राबाईला त्यातला ठिपका कळला नाही, पण एवढं कळलं की पोरगी कोणाची तरी खोडी काढून राहिली. ती म्हणाली की लोकांची मजाक करून पोट भरत असतं तर तू आतापर्यंत चांगली लठ्ठ झाली असती.

चंदाने तो मजकूर ग्रुपवर टाकला. सरांनी तो आपल्याच नावाने पुन्हा टाकला, आणि क्लासाने तो जसाच्या तसा उचलला. ठिपका साक्षर असल्याचं सगळ्यांनी लिहिलं. एकाने तर खाली चंदा रामटेके हे नावसुद्धा तसंच ठेवलं. टीना रोज ग्रुप उघडायची, पाठवल्याच्या पावत्यांचे फोटो बघायची आणि तिला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. समितीतला एखादा पांढऱ्या केसांचा माणूस चष्मा काढून डोळे पुसतो आहे, शेजारच्याला वाचून दाखवतो आहे, असं चित्र तिने मनात रंगवून ठेवलं होतं.

अंतिम तालिका आली. त्या प्रश्नापुढे लिहिलं होतं की ठिपक्याच्या स्थानांची मांडणी वाचनक्रमानेही स्पष्ट करता येत असल्याने एकाहून अधिक पर्याय संभवतात, म्हणून प्रश्न रद्द करण्यात येत असून सर्व उमेदवारांना गुण देण्यात येत आहे.

टीनाने ते मोबाईलवर वाचलं, मग मोबाईल बंद करून परत चालू केला, जणू मशीनच बिघडलं होतं. समिती हसली नव्हती. साक्षर हा शब्द गाळून बाकी सगळं समितीने गंभीरपणे मान्य केलं होतं. टीनाला राग आला तो आधी समितीचा. असल्या मठ्ठ माणसांना तज्ज्ञ कोण म्हणतं? तिने जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चार चौकोन काढले. या खुळ्या नियमातली चूक शोधून काढायची आणि समितीच्या तोंडावर मारायची, म्हणून ती बसली. वर डावीकडे, वर उजवीकडे, खाली डावीकडे, खाली उजवीकडे. पहिलीतलं पोरगंही असंच वाचतं. चूक सापडेना. उलट तिच्याच नियमाकडे बघितलं तर त्यात एक, दोन, तीन, चार मोजत ठिपक्याला गोल गोल पळवावं लागत होतं, आणि शेवटी पळून पळून तो जागचा हलतच नव्हता. जो नियम तिने थट्टेसाठी रचला होता, तो तिच्या खऱ्या नियमापेक्षा सोपा होता. ती पहिल्यांदाच एका आकृतीकडे बघून घाबरली.

निवड यादी लागली. टीनाचे आणि चंदाचे गुण सारखे झाले होते, आणि गुण सारखे असले की वयाने मोठा तो वर, असा नियम. चंदाचं नाव यादीत आलं, टीनाचं प्रतीक्षा यादीत. सुमित्राबाईने एवढंच विचारलं, "मंग कायले लेहून देलं तिले?" याचं उत्तर देता आलं असतं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. त्याच आठवड्यात वीरेंद्र भाऊजींचा फोन आला की नवीन मशीन घेतलं आहे, कधीपासून येतेस.

गोंदियाला जाण्याआधी भुपेंद्र सरांचा सत्कार समारंभ आला. सत्कार चंदाचा होता, पण फलकावर सरांचा फोटो चंदाच्या फोटोहून मोठा होता आणि खाली लिहिलं होतं, प्रश्न रद्द करायला लावणारा जिल्ह्यातील एकमेव क्लास. टीना जाणारच नव्हती. चंदा स्वतः बोलवायला आली आणि हात धरून घेऊन गेली. रस्त्यात भेटेल त्याला चंदा सांगत होती की ही माझी टीना, हिने स्वतःची जागा सोडून मला दिली, सख्ख्या बहिणीने केलं नसतं. बाजारातल्या बायका टीनाच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. टीनाला प्रत्येक हात चटका बसल्यासारखा लागत होता.

माडीत शाल झाली, श्रीफळ झालं. सरांनी नव्या पोरांना नवं सूत्र दिलं. ठिपका वाचत जातो. पोरांनी एका सुरात म्हटलं. मग सरांनी त्यागमूर्ती टीनाला दोन शब्द बोलायला उभं केलं. आता मात्र टीनाला सहन होईना. क्लासातल्या या मेंढरांनी शिव्या दिलेल्या तिला चालल्या असत्या, त्यांनी पाया पडणं चालणार नव्हतं.

"म्या कोणासाठी काही सोडलं नाई," ती म्हणाली. "मजाक केली होती. तुम्ही किती येडे आहात ते वरच्या लोकाईले दाखवाचं होतं मले. तो ठिपका साक्षर आहे म्हणून लेहलं, ते तुमाले हसाले. चंदाताईले हसाले."

मग सर कौतुकाने मान हलवत म्हणाले की बघा, एवढं करून किती नम्रपणा, आणि माडी टाळ्यांनी दणाणली. मागच्या बाकावरची पोरं उभी राहून टाळ्या पिटत होती. टीनाने या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा सरळ आणि खरं काही सांगितलं होतं, आणि त्यांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. एरवी तिला यात मजा वाटली असती.

टाळ्या न वाजवणारी एकटी चंदा होती. ती खुर्चीवर शाल पांघरून बसली होती आणि टीनाकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरला. तिला कळलं होतं. क्लासातले सगळे टोमणे, बाकावरचं हसणं, सगळं तिला एकदम नीट ऐकू आलं असावं. टीनाला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर सगळ्यांसमोर बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

टीना खाली उतरायला निघाली तेव्हा चंदा जिन्यापर्यंत आली. तिने आपल्या हातातला नारळ टीनाच्या हातात ठेवला आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलली.

"पोराले सांगून बसलो वो मी, की टीना मावशीनं देली जागा. सासरच्याईलेबी सांगतलं. आता कोणाले नको सांगू. मले तसंच समजू दे. तुहं त्यात का जाते?"

टीना नारळ घेऊन जिना उतरली. खाली खताच्या दुकानदाराने पोत्यांमधून वाट करून देत विचारलं की तुम्हीच का त्या, जागा सोडणाऱ्या. टीना थांबली, वर चंदा अजून जिन्यात उभी होती.

"हो," टीना म्हणाली.